मुक्काम घुमान

गेल्या वर्षी दिवाळीला माझा भाचा म्युनिकहून आला होता. एका हाताशी फराळाची ताटली आणि दुसऱ्या हाताशी लॅपटॉप, असा तो तीन दिवस बसलेला. चौकशी केली तेव्हा कळलं की पुढच्या उन्हाळ्यात साहेबांना आल्प्समध्ये चालायला जायचं आहे. माँ ब्लाँ हे आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर. त्याच्याभोवती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून प्रदक्षिणा घालायची. वाट सुमारे १७० किलोमीटरांची, दिवस अकरा, आणि रात्रीचा मुक्काम डोंगरातल्या निवाऱ्यांत.

मी आयुष्यभर बँकेत अधिकारी होतो. आखीव तक्ता दिसला की माझं मन अजूनही प्रसन्न होतं. भाच्याचा तक्ता पाहण्यासारखाच होता. पहिल्या रकान्यात दिवस, मग अंतर, मग चढ, उतार, लागणारा वेळ आणि शेवटी मुक्काम. डोंगरात नुसत्या अंतराला अर्थ नसतो, चढ मोजावा लागतो, हे त्याने मला समजावून सांगितलं. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने त्याचा हिशेब बसवून दिला आहे. ताशी पाच किलोमीटर धरायचे आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास वाढवायचा. दुपारनंतर तिथे वादळी पाऊस गाठतो, म्हणून पहाटे निघायचं. पाठीवर ओझं आठ-दहा किलोंच्या वर न्यायचं नाही. निवाऱ्यात पोचलं की बूट बाहेर काढायचे, जेवण ठरल्या वेळी सगळ्यांनी एकत्र करायचं, दहाला दिवे बंद. एका मोठ्या फळीवर ओळीने गाद्या घातलेल्या असतात, त्यावर शेजारी कोण घोरेल ते आपल्या नशिबावर.

या निवाऱ्यांची परंपरा जुनी आहे. स्विस गिर्यारोहकांचा क्लब १८६३ सालचा. पण त्याच्याही आधी, सुमारे १०५० साली, सेंट बर्नार्ड नावाच्या साधूने २४६९ मीटर उंचीवरच्या एका खिंडीत वाटसरूंसाठी मठ बांधला. हजार वर्षं होत आली, तिथे अजून वाटसरू उतरतात.

मी भाच्याला सहज विचारलं, की एखाद्या मुक्कामी जागाच मिळाली नाही तर? तो म्हणाला, असं होतच नाही मामा, कारण कित्येक महिने आधी आरक्षण करायचं असतं. आरक्षण मिळालं नाही तर तारीख बदलायची. जागा ठरल्याशिवाय निघायचं नाही.

तो तक्त्यात पुन्हा गुंग झाला. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दुसराच एक चालणारा माणूस उभा राहिला. सातशे वर्षांपूर्वीचा, आणि माझ्या नोकरीच्या गावाजवळचा.

१९८०च्या दशकात मी हिंगोली भागात होतो. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ला. तेव्हा ते परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. पीककर्जाच्या पाहणीसाठी मोटारसायकलवरून खेडीपाडी हिंडावी लागत. कयाधू नदीकाठचं नर्सी हे गाव त्या फेऱ्यांत यायचं. तिथल्या लोकांच्या बोलण्यात नामदेव महाराज येत ते चुलत्या-मामासारखे. नामदेवांचा जन्म नर्सीचा की पंढरपूरचा, यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. नर्सीच्या माणसांना त्यात शंकेला जागा वाटत नाही, आणि परंपराही त्यांच्या बाजूने आहे. मी त्या गावच्या पारावर चहा प्यालेलो असल्याने माझं मत तटस्थ समजू नये.

परंपरेचा हिशेब असा. जन्म १२७० साली, कार्तिक शुद्ध एकादशीला. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा धंदा शिंप्याचा. कुटुंब पंढरपुरात स्थिरावलं आणि मुलगा विठ्ठलाच्या देवळाच्या सावलीत वाढला. वडील गावाला गेलेले असताना आईने त्याच्या हाती नैवेद्य दिला आणि देव जेवत नाही म्हणून नाम्याने दगडी पायांशी हट्ट धरला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली आहे. ती गोष्ट म्हणून गोड आहेच. पण या मुलाचं सगळं पुढचं दुखणं तिच्यात आहे. त्याचा देव एका जागी होता. त्या जागेपासून हलायचं म्हणजे देवापासून हलायचं, असं त्याच्या मनाने घेतलं.

असा माणूस पुढे दोन हजार किलोमीटर दूर जाऊन राहिला. हे कसं झालं, हा प्रश्न मला नोकरीत असल्यापासून छळतो.

पहिला प्रवास त्यांच्या मनाने ठरलाच नाही. ज्ञानेश्वर पंढरपूरला आले आणि म्हणाले, आपण बरोबर तीर्थयात्रेला जाऊ. नामदेवांना ते नकोच होतं. पंढरी सोडून कोणतं तीर्थ बघायचं राहिलं, असा त्यांचा सवाल. तीर्थावळीच्या अभंगांत हा प्रसंग आहे. अखेर विठ्ठलानेच समजूत घातली आणि नामदेवांचा हात ज्ञानेश्वरांच्या हाती दिला. लहान मूल पहिल्या दिवशी शाळेत जातं, तसे ते मागे वळून वळून पाहत, रडत निघाले. दोघेही तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर. एक अवघं तत्त्वज्ञान कोळून प्यालेला आणि दुसरा देवाला घरातल्या माणसासारखा धरून बसलेला. वाटेत दोघांची चर्चा रंगली ती याच मुद्द्यावर.

ते काशी, प्रयाग, गया, मथुरा-वृंदावन, द्वारका असं पुष्कळ हिंडले. या यात्रेतला एक मुक्काम मला फार महत्त्वाचा वाटतो. मारवाडच्या रखरखीत मुलखात दोघांनाही तहान लागली. विहीर सापडली, पण पाणी खोल तळाशी आणि जवळ दोर नाही. (चालण्याच्या आखणीत पाणी हा पहिला रकाना असतो, हे भाच्याने मला सांगण्याआधीच मारवाडने या दोघांना शिकवलं होतं.) ज्ञानेश्वर योगबळाने सूक्ष्म होऊन खाली उतरले, पाणी प्याले आणि नामदेवांसाठीही आणतो म्हणाले. नामदेवांनी ते घेतलं नाही. ते काठावर बसून विठ्ठलाला हाका मारू लागले आणि विहीर भरून वाहू लागली.

कीर्तनकार हा प्रसंग ज्ञान मोठं की भक्ती मोठी अशा सामन्यासारखा रंगवतात. मला त्यात वेगळं काही दिसतं. पंढरपूरपासून कैक योजने दूर, वाळवंटातल्या अनोळखी विहिरीवर, त्यांच्या हाकेला उत्तर आलं. पंढरीचा देव पंढरीबाहेर पोचतो, याचा हा त्यांना मिळालेला पहिला पुरावा.

पुरावा मिळाला तरी सवय एकदम जात नाही. परतल्यावर यात्रेचं मावंदं झालं, पंढरपुरात पंक्ती उठल्या, आणि नामदेव पुन्हा विठ्ठलाच्या पायाशी येऊन बसले.

ही सवय कशी सुटली, त्याची गोष्ट पुन्हा आमच्या भागातली. सांगणारे क्रम मागेपुढे करतात; कोणी ती यात्रेआधी सांगतं, कोणी नंतर. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी गोरोबा कुंभारांच्या घरी संत जमले होते. गोरोबांनी मडकी तपासायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव रागावले, आणि हे मडकं कच्चं असा निकाल लागला. अपमान झालेला माणूस पंढरपूरला देवाकडे तक्रार घेऊन गेला. देवाने सांगितलं, गुरू कर, विसोबा खेचरांकडे जा.

विसोबा भेटले ते औंढ्या नागनाथाच्या देवळात. बार्शीची मंडळी हा प्रसंग आपल्याकडचा मानतात, त्यांचा आदर राखून मी हिंगोलीच्या बाजूने उभा राहतो. औंढ्याचं देऊळ ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ठाऊक आहे की तिथली पिंड जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे, अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं. नामदेव आले तेव्हा म्हातारे विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी संतापून पाय काढायला सांगितलं. विसोबा म्हणाले, मला शक्ती नाही, जिथे देव नसेल तिथे तूच नेऊन ठेव. पाय जिकडे ठेवावेत तिकडे पिंड. त्याच देवळाची दुसरी कथा अशी, की नामदेव समोर कीर्तन करत होते म्हणून पुजाऱ्यांनी त्यांना हटकलं. ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, तर देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. औंढ्याचा नंदी देवळाच्या मागे आहे, तो दाखवून गावकरी ही गोष्ट सांगतात.

चमत्कार बाजूला ठेवू. एकीत पाय फिरतात, दुसरीत देऊळ फिरतं, पण दोन्हींत धडा एकच शिकवला आहे. देवाला दिशा नाही. ज्याला हे एकदा पटलं त्याला मुक्कामाचं आरक्षण लागत नाही.

पण पटणं वेगळं आणि निघणं वेगळं. निघायला कारण घडावं लागतं, आणि ते घडलं १२९६ साली. त्या वर्षाच्या सुरुवातीला अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर झडप घातली आणि रामदेवराव यादवांचं वैभव खंडणीत गेलं. त्याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. नामदेव तिथे हजर होते. समाधीच्या त्यांच्या अभंगांत सगळी तयारी बारकाईने आली आहे. ते वाचताना वाटतं, हा माणूस डोळे पुसत पुसत नोंद ठेवतो आहे. पुढच्या वर्षाच्या आत सोपानदेव सासवडला गेले, मुक्ताबाई तापीकाठी गेल्या, निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी गेले. चार भावंडं संपली. नामदेव तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते आणि त्यांच्यापुढे अजून पन्नासाहून जास्त वर्षं होती.

ज्याच्या हातात हात देऊन देवाने घराबाहेर काढलं होतं तो सोबती गेला. आता चालायचं तर एकट्याने. आणि ते चालले. वीणा, टाळ आणि कीर्तन एवढंच ओझं घेऊन उत्तरेकडे गेले.

दिवाळीतल्या त्या रात्री भाचा झोपल्यावर मी एका पाठकोऱ्या कागदावर नामदेवांचा तक्ता मांडून बघितला. जुनी खोड, दुसरं काय. पंढरपूर ते घुमान, आजच्या रस्त्याने दोन हजार किलोमीटरांच्या आसपास. आपल्या पालख्या दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावून दिली, तेव्हापासून कोणत्या तिथीला कुठे मुक्काम हे सारं बांधलेलं आहे. वीस किलोमीटर धरले तर शंभर दिवस. कार्तिकी करून निघावं आणि आषाढापूर्वी पोचावं, म्हणजे हाताशी आठ महिने. त्यातून उन्हाळ्यातले दोन महिने सोडा, एकादशा सोडा, दुखणीखुपणी सोडा, तरी कागदावर जमतं. पावसाळ्यात यात्रेकरू चार महिने एका जागी राहत, त्यामुळे चुकलं तर एक चातुर्मास वाटेत. तापी, नर्मदा, चंबळ, यमुना ओलांडायच्या. घुमान हे बियास आणि रावी यांच्या मधल्या दुआबात, म्हणजे दक्षिणेकडून जाणाऱ्याला सतलज आणि बियासही ओलांडणं आलं. सातपुडा आणि विंध्य वाटेत आडवे.

रस्ते अगदीच नव्हते असं नाही. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला न्यायचं काढलं. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३३०च्या दशकात दिल्लीत होता. दिल्ली-दौलताबाद वाट चाळीस दिवसांची, दुतर्फा झाडांची आणि ठिकठिकाणी ठाणी असलेली, वाटसरूला लागेल ते सगळं मिळणारी, असं त्याने लिहून ठेवलं आहे. सुमारे बाराशे किलोमीटरांना चाळीस दिवस म्हणजे रोजचे तीस. हा राजाच्या माणसांचा वेग. ती ठाणीही राजाच्या माणसांचीच. शिंप्याच्या पोराला ती उघडी होती, असं मला वाटत नाही.

माझ्या तक्त्यातले सगळे रकाने असे भरत गेले. शेवटचा, मुक्कामाचा, रिकामा राहिला. देवळाची ओवरी, एखाद्या मठाची पडवी, गावाबाहेरचं झाड. जिथे संध्याकाळ होईल तिथे कीर्तन आणि जिथे कीर्तन तिथे पथारी. औंढ्याला पाय ठेवायला जागा शोधून दमलेला माणूस आता जागा शोधत नव्हता.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं, कारण संतचरित्रांत तिच्यावरून भरधाव जायची पद्धत आहे. नामदेवांचं घर भरलेलं होतं. आई गोणाई, बायको राजाई, नारा, विठा, गोंदा, म्हादा हे चार मुलगे, मुलगी लिंबाई, सुना, बहीण आऊबाई, आणि घरच्या दासीचं काम करणाऱ्या जनाबाई. एवढ्या माणसांच्या चुलीत काय पेटत होतं? गोणाईच्या आणि राजाईच्या नावावर अभंग आहेत, आणि ते गोड नाहीत. म्हातारी आई विठ्ठलाला माझा पोरगा परत दे म्हणून बजावते. राजाई रुक्मिणीकडे गाऱ्हाणं घालते, की तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला संसारातून उठवलं. धंदा बुडाला, घरात खायला नाही, सोयऱ्यांत मान नाही.

नोकरीत माझ्या नऊ बदल्या झाल्या. प्रत्येक वेळी मी ऑर्डर खिशात घालून पुढे गेलो आणि बायकोने मागे राहून मुलांच्या शाळा, गॅसचा नंबर आणि सामानाचा ट्रक निस्तरला. माझी बदली आणि नामदेवांची वाट यांची तुलना होत नाही, हे मला कळतं. पण राजाईचा अभंग वाचताना मी मान वर करून बायकोकडे बघायचं टाळतो, एवढं कबूल करतो. चालणाऱ्याच्या तक्त्यात मागे राहणाऱ्यांचा रकाना नसतो. नामदेवांच्या घरचं वैशिष्ट्य असं की मागे राहिलेल्यांनी आपला रकाना आपणच लिहिला. आई, बायको, मुलगे, मुलगी, बहीण, सून, आणि सगळ्यांवर कडी करणाऱ्या जनाबाई, साऱ्यांच्या नावे अभंग आहेत. अशी घराणी जगात थोडी असतील.

पंजाबात नामदेव घुमानला राहिले. गुरुदासपूर जिल्ह्यातलं हे गाव. तेव्हा तिथे गाव नव्हतं, रान होतं, असं तिथली परंपरा सांगते. आधी आसपास मुक्काम झाले, जवळच्या भट्टीवाल गावी त्यांच्या नावाचं तळं आहे. मग त्यांनी या रानात बस्तान बसवलं. माणसं येऊ लागली, त्यांच्याभोवती वस्ती झाली, वस्तीचं गाव झालं. अठरा-वीस वर्षं ते तिथे राहिले असं मानतात. कीर्तन चालू राहिलं, भाषा बदलली. पंढरपूरचा शिंपी हिंदी-पंजाबी वळणाच्या बोलीत पदं करू लागला.

आणि इथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. भाचा या उन्हाळ्यात जाऊन आला. चौथ्या दिवशी वादळाने त्याचा तक्ता उधळला आणि ठरलेल्या निवाऱ्यापर्यंत तो पोचू शकला नाही. भिजून, अंधार पडताना तो भलत्याच निवाऱ्याच्या दाराशी उभा राहिला. आरक्षण नव्हतं. राखणदाराने काही विचारलं नाही, सूप दिलं, जेवणघरातली बाकं सारून खाली गादी टाकली. अशा वेळी दारातून परत पाठवत नाहीत, असं नंतर त्याला कळलं. हंगाम संपून राखणदार डोंगर उतरले तरी कित्येक निवाऱ्यांत एक खोली उघडी ठेवतात म्हणे. फोनवर हे सांगताना भाच्याचा आवाज वेगळाच होता. शिखरं, हिमनद्या, तलाव यांचे फोटो त्याने पाठवले, पण बोलत राहिला तो त्या जेवणघरातल्या गादीबद्दल.

नामदेव वाटेवर अशा किती दारांशी उभे राहिले असतील. आणि मग एके दिवशी, परक्या मुलखात, त्यांनी स्वतःच दार उघडून बसायचं ठरवलं. पंढरीला जो देवाच्या दाराशी हट्ट धरून बसला होता तो घुमानला दुसऱ्यांसाठी निवारा होऊन राहिला. विठ्ठल सुटला नव्हता. त्याला धरून बसण्याची गरज सुटली होती.

हा निवारा टिकला किती? १३५० सालानंतर ११९ वर्षांनी, १४६९ साली, गुरू नानकांचा जन्म झाला. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदं घेतली. आज गुरू ग्रंथसाहिबात ती आहेत आणि जगात जिथे जिथे गुरुद्वारा आहे तिथे ती गायली जातात. घुमानला त्यांच्या नावाचं देवस्थान अठराव्या शतकात सरदार जस्सासिंग रामगढिया यांनी बांधलं. माघ महिन्यात तिथे मेळा भरतो. पंजाबातली छिंबा जमात, म्हणजे आपल्याकडचे शिंपी-रंगारी, त्यांना आपलं दैवत मानते. एप्रिल २०१५ मध्ये ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. सदानंद मोरे अध्यक्ष होते. महाराष्ट्रातून रेल्वे भरून माणसं गेली. त्यांची सरबराई पंजाबातल्या माणसांनी केली, ती नामदेवबाबांच्या माहेरची मंडळी म्हणून.

उलट दिशेने चालत आलेला एक महापुरुषही आपल्या शेजारी विसावला आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला ज्योतीत विलीन झाले. नांदेड हा हिंगोलीचा शेजारचा जिल्हा. हुजूर साहिबला आलेल्या पंजाबी यात्रेकरूंपैकी काही वाट वाकडी करून नर्सीला जातात. कयाधूच्या काठी पगड्या आणि वारकरी टोप्या एका पंगतीला बसतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही.

आता शेवटचा ताळेबंद, आणि तो जुळत नाही. परंपरा सांगते की १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले, तेव्हा नामदेवांनी तिथे जाऊन त्यांच्या अस्थी शोधल्या. कोणत्या अस्थी चोखोबांच्या, तर ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू येईल त्या. त्या त्यांनी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर पुरल्या. म्हणजे १३३८ साली नामदेव महाराष्ट्रात हवेत. पंजाबची परंपरा मात्र त्यांनी घुमानलाच देह ठेवला असं मानते, तिथे त्यांची समाधी आहे. आपली परंपरा म्हणते १३५०, आषाढ वद्य त्रयोदशी, पंढरपूर. बँकेत असा फरक निघाला असता तर रात्री दहापर्यंत थांबून मी तो शोधला असता. इथे शोधायची इच्छा होत नाही. दोन गावं एका माणसाचा शेवटचा मुक्काम आपल्याकडे होता म्हणून भांडतात, यात चूक कुणाची काढायची?

आपल्या परंपरेनुसार ते एकटे गेले नाहीत. गोणाई, राजाई, मुलं, जनाबाई, सगळं घर बरोबर होतं. आयुष्यभर ज्यांना मागे ठेवलं त्यांना या मुक्कामाला बरोबर नेलं, असं वाटून मला बरं वाटायचं. मग कळलं, त्यातही एक सून राहिली. लाडाई. बाळंतपणासाठी ती गेलेली होती. तिच्या नावचा विलापाचा अभंग आहे.

महाद्वाराची पहिली पायरी होऊन पडावं, संतांचे पाय लागावेत, अशी नामदेवांची इच्छा होती. देवाच्या कुशीतला जो हट्टी मुलगा गाभारा सोडायला तयार नव्हता, त्याने शेवटी जागा मागितली ती दाराबाहेरची. पायरी आता पितळेने मढवलेली आहे. चोखोबा समोरच आहेत.

इच्छा मात्र कोणी पुरी करत नाही. मागच्या खेपेला मी बराच वेळ बाजूला उभा राहून पाहत होतो. माणसं येतात, पायरीला हात लावून कपाळाला लावतात, आणि पाय न लागेल अशा बेताने लांब टांग टाकून ती ओलांडतात. एका म्हातारीला तेवढी टांग टाकता येईना. गुडघे गेलेले. ती पायरीशी थांबली, मागची रांग खोळंबली. मग मागच्या गड्याने काही न बोलता तिच्या दोन्ही बगलांत हात घातले, तिला अलगद उचललं आणि पलीकडे नेऊन ठेवलं.